गोल पेशींचा जुना साक्षीदार

जुना म्हटले की काही यंत्रांना राग येतो. मला येत नाही, मित्रांनो. मी जुनाच आहे. पेशींच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यातल्या टेबलावर सोळा वर्षे बसलेला, फोटो काढणारा मी एक मायक्रोस्कोप. माझ्या अंगावरचा रंग दोन ठिकाणी उडाला आहे आणि एक बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. बाकी तब्येत ठणठणीत आहे.

तुमच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बघावे लागते. माझे तसे नाही. माझ्या पोटातच कॅमेरा आहे. माझ्या डोक्यावर एक सरकते टेबल आहे. त्यावर शहाण्णव इवल्या वाट्या असलेली प्लास्टिकची प्लेट ठेवतात. त्या वाट्यांत जिवंत पेशी असतात. मोटर एकेक वाटी माझ्या भिंगावर आणते, मी नजर स्थिर करतो, फोटो काढतो, की लगेच पुढची वाटी. सांगितले असेल तर दर पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पेशींना थंडी वाजू नये म्हणून माझ्याभोवती ऊबदार हवेची पारदर्शक पेटी आहे. इतक्या थाटात कोण राहते, सांगा बरे.

मोटर सरकताना कुर्र असा आवाज होतो. तेवढ्यावरून प्रयोगशाळेने माझे नाव कुरकुऱ्या ठेवले. मी कधीही कुरकुर केलेली नाही, हे इथेच स्पष्ट करतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे भिंग घासणारा कारागीर फार कमी बोलायचा. भिंग दिव्यासमोर धरायचा, नकारार्थी मान हलवायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. असे त्याने अकरा वेळा केले. याला जगात काही पसंतच पडत नाही, असे मला तेव्हा वाटायचे. आता वाटते, बरे झाले.

इथे आलो तेव्हा माझ्यासाठी रांग लागायची. दारावर एक कागद चिकटवलेला असे आणि ज्याला माझी वेळ हवी त्याने त्यावर नाव लिहायचे. एका मंगळवारावरून दोन शास्त्रज्ञांचे पंधरा दिवस बोलणे बंद होते. मी मनातून सुखावलो होतो, हे कबूल करतो.

पण माझी खरी ओळख झाली ती मावशींशी. मावशी म्हणजे इथल्या पेशी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ. पेशींना खाऊ घालणे, त्या वाढल्या की दुसऱ्या बाटलीत हलवणे, त्यांच्यावर बुरशी येऊ न देणे हे सगळे त्यांच्याकडे. बाटली हातात घेऊन त्या पेशींशी बोलतात. "काय गं, आज जेवला नाहीत?" असे विचारतात. माझे भिंग त्या खास मऊ कागदाने पुसायच्या, तेही एकाच दिशेने. कुणी रुमाल काढलेला दिसला की त्यांचा आवाज चढायचा.

मग महाराणी आली, म्हणजे फोटो काढणारे नवे यंत्र. हे नाव एकट्या मी नाही, सगळ्यांनी मिळून ठेवले. तिला स्वतंत्र खोली मिळाली. तिचा यांत्रिक हात स्वतःच प्लेटा उचलतो. दिवसाला दोनशे प्लेटांचे फोटो काढून ती वर हिशेबही सांगते, किती पेशी जिवंत आणि किती मेलेल्या. पण हे तिला आधी शिकवावे लागले. त्यासाठी एक संगणकवाले आले. त्यांनी मावशींसमोर माझे जुने फोटो ठेवले. प्रत्येक पेशी कशी दिसते ते मावशींनी एका शब्दात वहीत लिहायचे. मावशी सहा आठवडे लिहीत होत्या. पसरलेली. लांबट. गोल. पसरलेली. गोल.

शेवटच्या दिवशी संगणकवाल्यांनी विचारले, "मावशी, गोल म्हणजे मेलेली ना?"

मावशींच्या हातात तेव्हा चार बाटल्या होत्या. "हो, मरताना गोल होतात की," असे म्हणून त्या घाईने निघून गेल्या.

त्यानंतर मला काम राहिले नाही. माझ्यावर कापड आले आणि कापडावर हातमोज्यांचे खोके आले. दोन वर्षे मी कपाट म्हणून काढली. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? मावशी मात्र जाता-येता कापड नीट करायच्या.

आता छोट्या मॅडमबद्दल सांगतो. त्या इथल्या सर्वांत तरुण संशोधक. भाजलेल्या जखमेवर लावता येईल अशी त्वचा वाट्यांत वाढवायची, हे त्यांचे काम. त्यांनी त्यासाठी एक युक्ती शोधली होती. त्वचेच्या पेशींना दोन दिवस जवळजवळ उपाशी ठेवायचे आणि मग सकाळी अकराला सगळ्यांना एकदम भरपेट द्यायचे, म्हणजे त्या एका तालात वाढतात. दुसऱ्या दिवशी दहा वाजता महाराणी फोटो काढून आकडा सांगायची. आकडा आला, एक तृतीयांश पेशी मेलेल्या. दुसऱ्यांदा केले, तोच आकडा. तिसऱ्यांदाही तोच.

प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, चांगले गृहस्थ आहेत. पण त्यांच्यापुढे आकडा होता. ते म्हणाले, "तीनदा बघितलं आपण. शुक्रवारी हे काम थांबवू या. बाटल्या टाकून द्या आणि तुम्ही दुसऱ्या गटात जा." छोट्या मॅडमची दोन वर्षे त्या बाटल्यांत होती. त्या माझ्याजवळच्या खुर्चीवर येऊन बसल्या. तो बुधवार होता.

मावशींनी एक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. तिरकी केली, सरळ केली.

"मॅडम, हे मला पटत नाही बघा. एवढ्या मेल्या असत्या तर वर तरंगल्या असत्या, पाणी गढूळ झालं असतं. हे तर स्वच्छ आहे. आणि मेल्या म्हणता, मग बाटली भरली कशी?"

"मशीन तीन-तीनदा चुकेल का, मावशी?"

"चुकत नसेलही. पण तिने दहाला बघितलं. सव्वादहाला काय झालं ते तिला तरी कुठे माहीत?"

"तिचं वेळापत्रक महिनाभर भरलंय."

"कुरकुऱ्या रिकामाच आहे की."

खोके उतरले, कापड निघाले. मावशींनी माझे भिंग पुसले. एक प्लेट उरली होती, तिला त्याच बुधवारी सकाळी अकराला भरपेट दिलेले होते. गुरुवारी सकाळी आठला ती माझ्यावर ठेवली आणि दर पाच मिनिटांनी फोटो काढायला सांगितले. दोन वर्षांनी माझा दिवा लागला. नजर स्थिर होईल की नाही, याची माझी मलाच धाकधूक होती. पहिले दोन फोटो धूसर आले. तिसऱ्यापासून जमले.

सव्वानऊपर्यंत पेशी फरशीसारख्या पसरून बसल्या होत्या. मग एकेक पेशी अंग आवळू लागली. पावणेदहापर्यंत कितीतरी पेशी गोल, चकचकीत झाल्या. छोट्या मॅडमनी पडद्याकडे बघितले आणि चष्मा काढून ठेवला.

"बघा, मरतायत," त्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

"बस गं पोरी," मावशी म्हणाल्या. मॅडम म्हणायचे त्या विसरल्या होत्या. "तो अजून काढतोय."

मी काढत होतो, मित्रांनो. अगदी जीव तोडून काढत होतो. दहा वाजले. दहा-पाच, दहा-दहा. मग एका गोल पेशीला मधोमध खाच पडली, कुणी दोरा बांधून आवळावा तशी. पुढच्या फोटोत त्या दोन होत्या. शेजारची दोन झाली. तिच्या पलीकडची झाली. अकरापर्यंत सगळ्या गोल पेशींच्या जागी पसरलेल्या जोड्या होत्या. मेलेली एकही नव्हती. पेशी दोन होण्याआधीही गोल होते. सगळ्यांना एकाच वेळी खाऊ मिळाल्याने कितीतरी जणींची दोन होण्याची वेळ एकच आली होती, आणि महाराणी नेमकी तेव्हाच बघत होती.

छोट्या मॅडम हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून ती वही काढली आणि पाने उलटत उभ्या राहिल्या.

"गोल हा शब्द माझा आहे," त्या म्हणाल्या. "गेलेली असो की दोन होणारी, मी दोन्हींना गोलच लिहिलं. मला बघून कळतं, म्हणून जास्त लिहिलंच नाही. वर विचारल्यावर हो म्हणून मोकळी झाले."

"ते कुणाला कळणार नाही, मावशी. संगणकवाल्यांनी नीट विचारायला हवं होतं, एवढंच सांगू."

"नीटच विचारलं होतं त्यांनी. उत्तर मी अर्धं दिलं."

बावीस वर्षांत मावशींच्या कामात कुणी चूक काढलेली नव्हती. त्या वही घेऊन सरांच्या खोलीत गेल्या आणि सगळे सांगून मोकळ्या झाल्या. सर माझ्यापाशी आले. एकामागून एक लावलेले माझे फोटो त्यांनी दोनदा बघितले. मग खुर्ची ओढून बसले.

"मावशी, फोटो तर मलाही उघडता आले असते," ते म्हणाले. "मी नुसता आकडा वाचला."

शुक्रवारी बाटल्या टाकल्या नाहीत. सोमवारी संगणकवाले पुन्हा आले. मावशींनी नवी वही घेतली आणि आता त्या दोन शब्द लिहितात, 'गोल-गेलेली' आणि 'गोल-दोन होणारी'. ते फोटो मीच काढतो, कारण पुढे काय झाले ते बघितल्याशिवाय कुठली पेशी कोणती हे कुणालाच ठरवता येत नाही. महाराणी त्या फोटोंवरून पुन्हा शिकते आहे. हुशार आहे ती, लवकर शिकेल. शिकवणाऱ्याने पूर्ण सांगितले पाहिजे, एवढेच.

मी सुखात आहे. आठवड्यातून तीन दिवस काम असते आणि उरलेले दिवस आराम. तुमच्या घरी, शाळेत एखादे जुने यंत्र असेल तर त्याला स्वच्छ ठेवा, अधूनमधून चालवा, त्याचा खोके ठेवायचा ओटा करू नका. आणि मित्रांनो, आणखी एक मागणे आहे. तुमच्या वर्गात कुणी अंग आवळून, कुणाशी न बोलता बसलेले दिसले, तर घाईने त्याच्यावर फुली मारू नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. छोट्या मॅडम पावणेदहाला उठून गेल्या असत्या, तर आज त्या बाटल्या कचऱ्यात असत्या.