हळद लावलेलं इंजिन

सकाळचं ऊन आमच्या अंगणात कधी एकदम येत नाही. आधी ते शेजारच्या पत्र्यावर थबकतं, मग शेवग्याच्या फांद्यांतून भिंतीवर उतरतं, वाळत घातलेल्या गोणपाटांचे धागे उजळत पुढे सरकतं, आणि बऱ्याच वेळाने, जणू परवानगी मागून, ट्रकच्या बोनेटवर येऊन बसतं. तिथला रंग केव्हाच विटला आहे. त्या उन्हातही तो विटलेलाच दिसतो, पण आपलासा वाटतो.

त्या दिवशी ऊन आणखी खाली उतरून इंजिनाखालच्या पुठ्ठ्यावर पडलं. पुठ्ठ्यावर तेलाचे काळे ठिपके होते; कालच्याहून अधिक.

माझ्या वडिलांनी, लालासाहेबांनी, हा ट्रक फौजेतून निवृत्त झाल्यावर घेतला. सांगलीच्या पेठेतली हळद साताऱ्याला, मेढ्याला पोचवत त्यांनी घर उभं केलं, मला शिकवलं. तेल गळू लागल्यापासून आईने ट्रक विकण्याचा धोशा लावला होता. खंडाळ्याहून रविवारी गिऱ्हाईकही येणार होतं. ट्रक गेल्यावर वडील रोज सकाळी उठून कुणाकडे जातील, या विचाराने माझा जीव कासावीस होई. गळती सापडली तर ट्रक राहणार होता, म्हणून मी बिराप्पा मिस्त्रींना बोलावून आणलं.

ते आले तेव्हा वडिलांचा रोजचा नेम चालला होता. स्वतः चहा घेण्याआधी ते तेलाची पातळी दाखवणारी गेजपट्टी ओढून पाहत आणि इंजिनात थोडं तेल ओतत.

"आदी तिला पाजायचं, मग आपन," ते म्हणाले.

बिराप्पांनी इंजिन डिझेलने धुऊन कोरडं केलं आणि आईला हाक मारली. "वैनी, वाटीभर हळद द्या!"

हळद कोरड्या इंजिनावर भुरभुरायची आणि गाडी चालू ठेवायची. जिथून तेल पाझरेल, तिथली हळद भिजून काळपट होते.

आई वाटी घेऊन दारात आली. "आवं, हिचं लग्नाचं वय गेलं की! आता हळद लावताय व्हय?"

"ह्या पोराच्या आदी हिचंच उरकू," वडील म्हणाले. "ती निदान बोलती तरी."

सगळे हसले. मी मान खाली घालून हसलो.

इंजिन बराच वेळ धडधडत राहिलं. बंद करून पाहिलं, तर हळद एका जागी नव्हे, जवळजवळ प्रत्येक सांध्याशी भिजली होती. बिराप्पांनी जरा थांबून गेजपट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलेलं होतं.

"दादा, लय पाजलंय की हिला! जादा झाल्यावर कुठनंतरी भाईर येनारच. बाकी गाडी ठनठनीत हाय."

त्यांचे तेलकट हात धरावेत, असं मला वाटलं.

वडील मात्र तडकले. "खुनंच्या वर थेंब घालत न्हाई मी. फौजेत शिकलोय."

"मग दावा की खून."

वडिलांनी पट्टी पुसली, उन्हात धरली, डोळ्यांपासून लांब नेली, जवळ आणली आणि अंगठा टेकवला. "ही काय!"

खूण अंगठ्याच्या बोटभर खाली होती.

बिराप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हणालो, "पट्टीवर ऊन चमकतंय."

"व्हय, ऊनच हाय," ते हलकेच म्हणाले. त्या तीन शब्दांबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

जादा तेल काढून टाकलं. आईने खंडाळ्याच्या गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. साताऱ्याचा माल पोचवायचा होताच. वडिलांनी हात धुतले, ट्रकला वळसा घातला आणि डावीकडचं दार उघडून आत बसले.

"आज तू चालीव रं," ते म्हणाले. अवजड वाहनाचा परवाना त्यांनीच मला हट्टाने काढायला लावला होता.

कराड मागे पडलं. ट्रक संथपणे, थेंबही न सांडता चालला होता. या गाडीने आम्हाला दिलेल्या प्रत्येक घासाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता दाटून आली होती. आणि त्याहून अधिक, मला काही बोलायला न लावता उठून बाजूला बसलेल्या त्या माणसाबद्दल. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सातारा किती ऱ्हायलं रं?"

अंतराची भली मोठी हिरवी पाटी अगदी समोर होती.

मी आकडा वाचून सांगितला. गेलं वर्षभर मी ज्याला कधी धूळ म्हणालो, कधी थकवा, आणि आज सकाळी ऊन म्हणालो, ते यांपैकी काहीच नव्हतं. वडिलांना आता गाडी चालवण्याइतकं दिसत नव्हतं.