राखून ठेवलेली मांडी

रेणुकेचं वागणं बाणूबाईला अजिबात पटत नव्हतं, आणि न पटलेलं पोटात ठेवायची सवय तिला कधीच नव्हती. मैलारच्या देवाचं नाव काढलं की ही सून उठून स्वयंपाकघरात जायची. नातवाच्या, बिरूच्या, जावळाचा विषय निघाला की हिला हमखास कुकरची शिट्टी ऐकू यायची. आज पोराला ताप आहे, उद्या ऊन फार आहे, परवा थोरल्या नातीची, तुळजाची परीक्षा आहे. बिदरहून मैलार ते किती लांब! सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या भाकरीला घरी. तेवढी सवड ह्यांना मिळत नाही, आणि बर्फात घसरायला रेल्वे बदलत, वर रात्रभराची बस करून मनालीच्याही वर यायला बरी मिळते.

“देवाला सवड न्हाई, बर्फाला हाय,” हे बाणूबाईनं बिदरच्या फलाटावर एकदा म्हटलं, आणि पुढं दिल्ली येईपर्यंत दर मोठ्या ठेसनाला म्हटलं. तिचा लेक मल्लिकार्जुन बिदरजवळच्याच कोळारच्या एका कारखान्यात माणसांवर हुकूम चालवतो. पण आईचा आवाज चढला की वरच्या बर्थवर तोंडावर चादर ओढून घोरायला लागतो. रेणुका मात्र खिडकीबाहेर बघत बसलेली. हूं नाही की चूं नाही.

त्या गप्प बसण्याचाच बाणूबाईला जास्त राग होता. भांडणारी सून तिला चालली असती. ती स्वतः सासूशी जन्मभर भांडली होती, आणि सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हागणंमुतणं तिनंच काढलं होतं. भांडणात माणूस कुठं उभं आहे ते तरी कळतं. ह्या बाईचं काहीच कळत नव्हतं.

नवस बाणूबाईचा होता. बिरू सातव्या महिन्यात जन्मला, उंदराच्या पिल्लाएवढा, आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत पडून राहिला. तेव्हा तिनं कपाळाला भंडारा लावून मैलारच्या खंडोबाला, मल्लण्णाला, सांगितलं होतं, की पोर जगू दे, त्याचे पहिले केस तुझ्या पायरीवर उतरवीन, तोवर कात्री लावू देणार नाही. पोर जगलं. पहिलं वर्ष डॉक्टरांच्या दारात गेलं. दुसऱ्यात, सम वर्ष म्हणून, जावळ काढत नाहीत. तिसऱ्यात मुहूर्त धरला, तर रेणुकेचा एकुलता भाऊ, बसवकल्याणचा हणमंतप्पा, मोटरसायकलवरून पडून वारला. त्या वर्षी बाणूबाईनं विषय काढला नाही. तेवढी अक्कल तिला होती. पण आता पाचवं चालू होतं, आणि तेही सरत आलेलं. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसतं. सख्खा मामा नसेल तर चुलत चालतो, तोही नसेल तर मानलेला चालतो. बाणूबाईनं एकेक करून नावं सुचवली. प्रत्येक नावाला कुकरची शिट्टी झाली.

बी.ए. झालेल्या बाईला देव नको असतो. बाणूबाईनं अशी समजूत करून घेतली होती आणि सुनेवर तो शिक्का मारून टाकला होता.

बर्फावर पोचल्यावर पहिला तमाशा कोटाचा झाला. भाड्यानं कोट देणाऱ्या दुकानात सगळ्यांनी रंगीबेरंगी कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले. बाणूबाईनं कोट नाकाशी नेला आणि तसाच परत केला.

“दुसऱ्याच्या घामाचा कोट मी घालीत नसते.”

तिनं लुगड्यावरून आपलं काळं घोंगडं लपेटून घेतलं. ते पिराजीचं, तिच्या नवऱ्याचं. मेंढरांना कोण बघणार म्हणून तो कमलनगरकडं गावातच राहिला होता आणि निघताना स्वतःच्या अंगावरचं काढून त्यानं तिच्या हातात दिलं होतं. बर्फात घोंगड्याची म्हातारी बघून दोन परक्या बायकांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. बाणूबाईनं पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. तिला त्यात काही गैर वाटलं नाही.

दुसरा तमाशा टोपीचा. पोरांना स्की शिकवणारा तिथला एक पहाडी माणूस होता. बाणूबाईनं त्याचं नाव घसरगुंडीचा मास्तर ठेवलं. त्यानं नऊ वर्षांच्या तुळजाच्या पायाला लांब पट्ट्या बांधल्या, डोक्यावर हेल्मेट बसवलं. मग बिरूची पाळी आली. बिरूच्या डोक्यावर नारळाएवढा अंबाडा. हेल्मेट त्याच्यावरच अडलं. मास्तरनं दाबून बघितलं, फिरवून बघितलं, मान हलवली.

“अम्मा, इसके बिना नहीं ले जाऊँगा. बच्चा है.”

“कायकू नै बैठती जी?” बाणूबाईनं आपली बिदरची हिंदी काढली. “इस्से बड़ी लाव.”

मोठं आणलं. ते अंबाड्यावरून खाली आलं खरं, पण नाकापर्यंत आलं आणि डुगडुगायला लागलं.

“बिऱ्या देवळाच्या कळसावानी दिसायलाय,” तुळजा हसली.

बिरूचा खालचा ओठ बाहेर आला. त्यानं गाडीत, बसमध्ये, हॉटेलात एकच जप केला होता. “आज्जी, मला घसरायचंय.”

“माय, एक बोलू का?” मल्लिकार्जुन म्हणाला.

“नको बोलू.”

“केस तर कापायचेच हायत. समोरच्या दुकानात कातर मिळंल. वरून जरा छाटू, पिशवीत बांधू, मैलारला नेऊन वाहू. कुठं कापले ते देवाला काय कळायलंय?”

बाणूबाईनं तोंड उघडलं. लेकाला, त्याच्या कारखान्याला आणि त्याला हे सुचवणाऱ्या डोक्याला एका दमात काय काय म्हणायचं ते सगळं ओठावर आलं होतं. पण तिच्या आधी दुसराच आवाज आला.

“केसाला हात लावायचा न्हाई.”

रेणुका बिरूच्या आणि नवऱ्याच्या मध्ये येऊन उभी होती. भाड्याचा गुलाबी कोट, नाक लाल झालेलं, आणि एक हात मागं पोराच्या अंबाड्यावर. “घसरला न्हाई तरी चालंल. कातर आणायची न्हाई.”

बाणूबाईचं तोंड उघडंच राहिलं. आत गार वारा शिरला तेव्हा तिनं ते मिटलं.

“इकडं बस रे, बिऱ्या,” ती जवळच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर टेकत म्हणाली. “अंबाडा सोडू. बारीक बारीक येण्या घालू आन् डोक्याला चिकटवून टाकू. मग बघू त्याचं ते भांडं कसं बसत न्हाई.”

पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली तर आत पांढरा दगड. टपरीवाल्या बाईनं हसत बाटली किटलीला टेकवून ठेवली आणि तेल सुटलं. डावं अर्धं डोकं सासूनं घेतलं, उजवं सुनेनं. मल्लिकार्जुन तुळजाला घेऊन पुढं गेला. तिथं उभं राहण्यात शहाणपण नाही एवढं त्याला कळलं होतं.

केसात बोटं घातली आणि बाणूबाईच्या लक्षात आलं, गुंता नाही. एवढे केस, एवढं हुंदडणारं पोर, आणि जट म्हणून नाही. कुणीतरी रोज बसून, न ओढता, टोकापासून वर विंचरत आलेलं. देव नको असलेली बाई हे कशाला करेल? तिनं तर केव्हाच शाळेचं निमित्त करून कापून टाकले असते.

“व्हय गं,” बाणूबाई म्हणाली, “एवढं जपायलीस, मग मैलारला जायला कामून मागं सरायलीस?”

तिथं स्वयंपाकघर नव्हतं. चहूकडं बर्फ, आणि रेणुकेच्या बोटांत तीन पदर धरलेले. सोडून उठली असती तर वेणी सुटली असती.

“अण्णा बिरूच्या पेटीसमोर बसायचा, आत्या,” ती पदर गुंफत भावाबद्दल म्हणाली. “आत सोडत नव्हते, तर बाहेरून खोलीच्या काचेला हात लावून बसायचा. म्हणायचा, बिरूशेठ, लवकर मोठे व्हा, मांडी राखून ठेवलीय तुमच्यासाठी, दुसऱ्या कुणाला बसू देणार न्हाई.” वेणी संपली, तिनं दुसरी धरली. “जावळानंतर घालायची टोपी पण आणून ठेवली होती त्यानं. जरीची. माझ्या ट्रंकेत हाय. मागं काढून बघितली, तर आता ह्याच्या डोक्यात बसत न्हाई.”

बिरू बोट बर्फात खुपसून भोकं पाडत होता.

“तुम्ही नावं काढली ती माणसं चांगलीच हायत. पण त्यानं राखलेल्या मांडीच्या जागी दुसऱ्याची कशी मांडू? आन् तुम्हाला न्हाई कसं म्हणू? नवस तुमचा.”

“मल्लूला बोललीस?”

“ह्यांना बोलले असते तर ह्यांनी तुम्हालाच सांगितलं असतं.”

ते खरंच होतं. बाणूबाईनं हातातल्या वेणीला आणखी एक पेड घातला. तिला तिच्या बापाच्या वाड्यातल्या, म्हणजे मेंढरांच्या वाड्यातल्या, एका मेंढीची आठवण झाली. कोकरू मेलं की मेंढी दूध चोरते. मग बाप मेलेल्या कोकराचं कातडं सोलून दुसऱ्या, आई नसलेल्या कोकराच्या पाठीवर बांधायचा. मेंढी हुंगायची, आपलाच वास येतो म्हणून पाजायची. सगळ्या मेंढ्या फसायच्या. एक होती, ती हुंगायची आणि मान फिरवून दूर जाऊन उभी राहायची. बाप तिला शिव्या द्यायचा. लहानग्या बाणूला मात्र वाटायचं, हिला वास पुरत नाही, हिला तेच पाहिजे. चुलत मामा, मानलेला मामा. आपणही एकेक कातडंच तर बांधून बघत होतो ह्या पोरीपुढं.

वेण्या झाल्या. डोक्यावर आडव्या चिकटवून वरून रुमाल आवळला. मास्तरनं हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, टिचकी मारून बघितलं आणि बाणूबाईकडं बघून हसला. “अब ठीक, अम्मा.”

“हौ,” बाणूबाई म्हणाली. “पर गिरा तो तुमकू छोड़ती नै मैं.”

मास्तरनं बिरूला बराच वेळ दोन्ही हात धरून उताराच्या खालच्या भागात चालवलं, पडायला शिकवलं, उठायला शिकवलं. मग सांगितलं, की आता एकटा सोडू. पण ह्याला थांबता येत नाही, तर खाली घरचं कुणीतरी पाहिजे. मल्लिकार्जुन तुळजाजवळ लांब होता. रेणुका खाली गेली.

वर बाणूबाईनं कनवटीतून पुडी काढली आणि चिमूटभर भंडारा बिरूच्या पुढ्यात बर्फावर टाकला. पांढऱ्यावर ते पिवळं असं उठलं की मास्तर दचकून खाली वाकून बघायला लागला. बाणूबाईनं त्याला समजावलं नाही. मल्लण्णाला कळलं म्हणजे झालं.

बिरू सुटला.

आधी हळू, मग भराभर. हात दोन्हीकडं पसरलेले, तोंडातून बारीक किंकाळी, भीतीची की आनंदाची ते त्यालाही सांगता आलं नसतं. “पाँव ऐसे! पाँव ऐसे!” मास्तर मागून ओरडत धावला. पाय कसेच होईनात. बिरू सरळ आईच्या रोखानं निघाला होता, आणि बाणूबाईनं घोंगड्याची कड दातात धरली.

उभ्या आईला पोर धडकलं असतं तर दोघं आपटली असती. रेणुकेनं एकवार वर बघितलं आणि मटकन बर्फात खाली बसली. पाय पसरले, कोट मांडीवर ओढला, हात पुढं केले. बिरू आला आणि त्या मांडीत येऊन घुसला. पट्ट्या एकीकडं, हातमोजा दुसरीकडं, हेल्मेट आईच्या गळ्याशी. क्षणभर दोघंही हलली नाहीत. मग आतून आवाज आला, “आई, आणखी एकदा!”

आणि रेणुका रडायला लागली. भावाच्या दहाव्यालासुद्धा बाणूबाईनं तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

बाणूबाई घोंगडं सावरत खाली उतरली. हात द्यायला धावत आलेल्या लेकाला तिनं झटकून टाकलं. वाटेत एकदा स्वतःच बसकण मारली, उठली, कुणी बघितलं का ते बघून घेतलं, आणि सुनेपुढं येऊन उभी राहिली. रेणुका डोळे पुसत उठायला लागली.

“बस तशीच,” बाणूबाई म्हणाली. “आन् आइक. पाचवं सरायच्या आत मैलारला जायचं. पोराला घेऊन तू बसायचंस, अशीच. तुझ्या भावानं मांडी राखलीय, ती त्याचीच राहू दे, तिथं कुणाला मांडू नको. आईच्या मांडीला कुणी न्हाई म्हणलं तर मी हाय. बोली माझी आन् मल्लण्णाची झालीय, त्याला काय सांगायचं ते माझं मी सांगीन. ती जरीची टोपी पदराच्या गाठीत बांधून बस. आता तुझं चुकलं का? चुकलं. भाऊ गेला, रडली न्हाईस. मी बोलले, भांडली न्हाईस. तोंडात गुळणी धरून बसलीस, आन् मी येड्यावानी तुला नावं ठेवीत फिरले. पुन्हा पोटात काय आलं तर माझ्यासमोर बसून भांडायचं. कुकर मी बंद करीन.”