रस्टीसाठी वेगळं पीठ

ताटलीत बारा गोळे होते. प्रत्येक गोळा लिंबाएवढा, मधोमध अंगठ्याने हलकेच दाबलेला. ओट्यावर उरलेल्या वस्तू पाच: वाटीभर उकडलेला लाल भोपळा, भाजून सोललेले मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध, चमचाभर तूप आणि पितळी डब्यात शेरभर पीठ. मुद्दाम दूर ठेवलेल्या वस्तू सहा: मीठ, साखर, मिरची, कांदा, लसूण आणि जायफळ. शोभाबाईंनी सगळ्यावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग पातेल्यात वाळू तापवून त्यावर ताटली ठेवली आणि नानकटाई भाजतात तसे झाकणावर निखारे रचले.

हा सगळा खटाटोप एका कुत्र्याच्या वाढदिवसासाठी होता.

कुत्रा रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाचा. तांबूस रंगाचा, लांब कानांचा. नाव रस्टी. साहेब दोन महिने दौऱ्यावर गेला तेव्हा त्याने रस्टीला नंदुरबारात शोभाबाईंचे यजमान, मिरचीचे व्यापारी भाईदास शेठजी, यांच्या घरी ठेवलं होतं. युद्धाचं पाचवं वर्ष चालू होतं. मिरचीची पोती पथारीवर, म्हणजे अंगणापलीकडच्या मिरच्या वाळवायच्या आवारात, पडून होती आणि ती न्यायला मालगाडीच्या वाघिणी मिळत नव्हत्या. वाघिणी कोणाला द्यायच्या ते हा साहेब ठरवी. तेव्हा भाईदास त्याच्या कुत्र्याला पाटावर बसवायचे तेवढे बाकी होते! आज संध्याकाळच्या गाडीने साहेब येणार होता, आणि आजच रस्टी पाच वर्षांचा होत होता. "त्याला घरी केलेलंच द्या," साहेबाने जाताना बजावलं होतं. "कांदा कुत्र्याच्या रक्ताला वाईट. मीठ-मसाला नको. पोटाला बाधेल असं काही त्याच्या तोंडात जाता कामा नये."

"बाई," मागच्या दारात भांडी घासत बसलेली दिवलीबाई म्हणाली, "कुत्राना जल्मना दिन सायबले याद शे. मन्हा इंद्रसिंगना मालेच याद नही. नदीले मोठा पूर ऊना व्हता, इतलंच याद शे."

"मन्हा तरी कोणले याद शे वं?" शोभाबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

दिवलीबाई सातपुड्यातली. दरवर्षी दिवाळी सरली की ती, नवरा जामसिंग आणि मुलगा इंद्रसिंग वस्तीतल्या इतरांबरोबर खाली उतरत, भाईदासांच्या पथारीवर मिरच्या वाळवत, देठ खुडत, आणि होळीला परत डोंगरात जात. मजुरीचा निम्मा भाग रोख मिळे, निम्मा पिठाच्या रूपाने. जामसिंगचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले होते. आता तो दोन्ही हातांत दांडकी धरून चाले, तेही चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत. "वारं लागलं," असं सगळे म्हणत. शोभाबाईंनी त्याला चोळायला तेल दिलं होतं, जुनं धोतर दिलं होतं. याहून जास्त काही विचारावं असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

इंद्रसिंग मात्र उभा सागासारखा होता. कमरेला घुंगरू बांधून तो होळीत नाचायला लागला की ढोल वाजवणारे आधी थकत. पण गेले काही दिवस त्याच्या पोटऱ्यांत सारखे गोळे येत होते. दिवलीबाईने आज सकाळीच ते सांगितलं होतं, अगदी हळू, जणू मोठ्याने म्हटलं तर ते खरं होईल.

भट्टी निवली. गोळे खरपूस भाजले होते. शोभाबाईंनी एक फोडून गार केला आणि त्यातला अर्धा रस्टीपुढे धरला. त्याने तो झटकन तोंडात घेतला, शेपटी हलवली.

त्याच वेळी भाईदास अंगणातून आत आले. त्यांच्या मागोमाग ओसरीपर्यंत सलाउद्दीन आला. संध्याकाळी स्टेशनला न्यायचा टांगा त्याने दुपारीच दारात आणून ठेवला होता. गेली वीस वर्षं तो याच घरचा टांगा हाकत होता.

"पाहा, आवडनं त्याले," शोभाबाई म्हणाल्या.

भाईदासांनी ताटलीतला एक गोळा उचलला, मोडला, उजेडात धरला. आतला रंग पिवळसर होता.

"पीठ कोठलं शे हाई?"

"पथारीना पोत्यामाईन लिधं. चक्कीना इंजिनले तेल नही, तीन दिवसथीन बंद शे. घरमा पीठच नव्हतं." बोलता बोलता त्यांनी गोळ्याचा उरलेला अर्धा तुकडा रस्टीच्या तोंडात दिला.

भाईदासांचा चेहरा उतरला. ते पांढऱ्या धोतरासकट जमिनीवर बसले, रस्टीचा जबडा दोन्ही हातांनी उघडला आणि दोन बोटं घशापर्यंत घालून तो ओला घास ओढून बाहेर काढला!

"अहो! काय करी ऱ्हायनात?"

"त्यामा लाख शे, लाख! सायबना कुत्राले काही झायं तर? टाक ते बठ्ठं!"

रस्टी खोकत कोपऱ्यात गेला.

लाख म्हणजे वाटाण्याच्या जातीचं एक स्वस्त कडधान्य. दिसायला साधं, चवीला बरं, दुष्काळातही उगवणारं. एक-दोन दिवस खाऊन कोणाला काही होत नाही. पण रोजच्या अन्नाचा मोठा भाग तेच असेल आणि दोन-तीन महिने तेच पोटात जात राहिलं, तर आधी पोटऱ्यांत गोळे येतात, मग टाचा जमिनीला लागेनाशा होतात, मग हातात दांडकं येतं. गेलेले पाय परत येत नाहीत.

दिवलीबाई भांडी ठेवून उठली होती. तिच्या पदराच्या गाठीत त्याच पिठाची अर्धी भाकर होती, दुपारसाठी बांधलेली. तिने आवाज चढवला नाही.

"शेठ, मन्हा इंद्रसिंगना तोंडमा बी असाच हात घालना व्हता ना."

भाईदास बोटांना लागलेली लाळ धोतराला पुसत राहिले.

"तुम्हले ठाऊक व्हतं?" शोभाबाईंनी विचारलं.

"बठ्ठाच देतस!" भाईदास उसळले. "मी एकलाच का? ज्वारी कोठे भेटस आते? लढाई चालू शे. लाख नही दिनी तर उपाशी मरतीन हाई लोके."

ओसरीवरून सलाउद्दीन म्हणाला, "उपाशी माणूस आपला पायवर चालीसन दुसरा गावले तरी जास, शेठ. लाख खायेल माणूस कोठे जाई?"

"तू टांगा हाक, सलाउद्दीन! जामसिंगले वारं लागनं. डोंगरमा कितलासले लागस."

"हा का? मग आपली काजळ घोडीले बी वारंच लागनं व्हतं?" सलाउद्दीन पायरीवर बसला, जणू गाडीला अजून दिवसभर अवकाश होता. "तिले लाख चारी, तिना मांगला पाय गयात. मरनी तव्हय तुम्हीन दोन दिवस जेवनात नही. त्याना नंतर या घरमा जनावरले लाख बंद. मीच तर चारा टाकस, माले ठाऊक नही का? घोडीले बंद, बैलले बंद, आज सायबना कुत्राले बी बंद. चालू शे ती फक्त माणूसले."

"तुले ठाऊक व्हतं तर तू कसाले नही बोलना?" भाईदास म्हणाले.

"पीठमा शे हाई माले आज समजनं," सलाउद्दीन म्हणाला. "तुम्हले आधीथीनच ठाऊक व्हतं."

शोभाबाई दाराशी गेल्या. अंगणात सुकल्या मिरचीची लाल भुकटी पिठासारखी पसरली होती. पलीकडे माणसं ओळीने बसून देठ खुडत होती. त्यांनी इंद्रसिंगला हाक मारली. पाठीवरचं पोतं उतरवून तो तरणाताठा माणूस अंगणातून चालत आला आणि पायरीपाशी थांबला.

"काय काम शे, बाई?"

शोभाबाई त्याच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या भुकटीवर उठलेली पावलं पाहत होत्या. डावं पाऊल पूर्ण होतं. उजव्याची बोटं आणि चवडा तेवढा उमटला होता. मागे, जिथे टाच असायची, तिथे लाल भुकटी तशीच होती.

"टाच टेक रे, भाऊ," त्या म्हणाल्या.

त्याने प्रयत्न केला. पाय थरथरला. तो ओशाळून हसला. "सकायले आखडस, बाई. होळीपर्यंत मोकळा व्हई."

दिवलीबाईने तोंडाला पदर लावला.

शोभाबाईंनी मग एकेकाला उठवून अंगणातून चालायला सांगितलं. बायका एकमेकींकडे पाहून हसल्या; शेठाणीला आज काय झालं, म्हणाल्या. जामसिंग आणि इंद्रसिंग धरून नऊ जणांच्या टाचा उमटल्या नाहीत.

साहेबाच्या गाडीची वेळ मात्र कोणासाठी थांबणार नव्हती. देवघराखालच्या फडताळात सणासाठी राखलेले स्वच्छ गहू होते. ते दळायचे तर जात्यावरच. दिवलीबाई सवयीने जात्यापाशी बसली. शोभाबाईंनी समोर बसून खुंट्याला हात लावला. एरवी दळताना ओवी यायची. आज नुसतं जातंच घरघरत होतं.

दुसऱ्या खेपेलाही बारा गोळे झाले, पांढरे, सुवासिक. संध्याकाळी साहेब आला. अंगणात खुर्ची मांडली होती. त्याने गोळा मोडून पाहिला, हुंगला आणि मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, "शेठ, इसमें कुछ खराब चीज तो नहीं? तुमको पक्का मालूम?"

"पक्का मालूम, साहेब," भाईदास म्हणाले. हे बोलताना त्यांनी मान वर केली नाही.

साहेब खूश झाला. वाघिणींचं पाहतो म्हणाला. रस्टीने आठ गोळे खाल्ले, उरलेले हुंगून सोडून दिले. साहेब कुत्र्याला घेऊन गेल्यावर दिवलीबाई पुढे आली.

"बाई, कुत्रानं उरेल शे. इंद्रसिंगले लई जाऊ का? यंदा इतलं साफ पीठ त्यानी तोंडमा नही टाकं."

शोभाबाईंनी होकार दिला. याहून जड होकार त्यांनी आयुष्यात दिला नव्हता.

दिवेलागणीला भाईदास जेवायला बसले. ताटात वरण होतं, मिरचीचा ठेचा होता आणि पिवळसर भाकर होती. शोभाबाईंनी तसलीच भाकर आपल्याही ताटात घेतली.

"हाई काय शे?"

"पथारीनं पीठ. लोकेसले चालस, मग आपलेबी चालाले जोयजे. आजपासून या घरमा हाईच शिजी."

भाईदासांनी तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडापर्यंत नेला. तिथेच हात थांबला. समोर बायको तोच तुकडा उचलत होती. त्यांनी झडप घालून तिचा हात धरला, दुपारी कुत्र्याचा जबडा धरला होता तसाच.

"नको! शोभा, नको!"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्यांनी तिला नावाने हाक मारली ती पहिल्यांदाच. ताट सरकवून ते भिंतीला टेकून बसले. खालमानेने ते म्हणाले, "मी त्यासना जीव लिधा नही, पन पाय लिधात. जामसिंगना पाय मीच लिधात."

"सकाळीच लाख परत पाठवतो," असंही ते म्हणाले. पण सकाळी सलाउद्दीनने पोत्यांवर हात ठेवला. "परत गयी तर दुसरानी पथारीवर जाई, शेठ. पाय तर माणूसनाच जातीन." भाईदासांनी क्षणभर पोत्यांकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतः सुरी घेऊन पोती फाडली, लाख उकिरड्याच्या खड्ड्यात ओतली आणि वर पाणी सोडलं. त्या दिवसापासून पथारीवरचा शिधा घरच्या खाण्यासाठी साठवलेल्या ज्वारीचा झाला. भाईदासांनी गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनाही सांगून पाहिलं. दोघांनी ऐकलं. बाकीचे हसले.

इंद्रसिंग त्या होळीला डोंगरात गेला. नाचणाऱ्यांच्या रिंगणाबाहेर दगडावर बसून त्याने ढोल वाजवला.

वाचकहो, आपण सारे सज्जन आहोत. आपण दुसऱ्याच्या अन्नात विष कालवत नाही. आपण फक्त दोन डबे ठेवतो, एक आपल्या माणसांसाठी आणि एक राबणाऱ्यांसाठी, आणि दुसऱ्या डब्याचं झाकण कधी उघडून पाहत नाही. भाईदासांना लाखेचा गुण ठाऊक होता. शोभाबाईंना ठाऊक नव्हता, पण दोन वर्षं जामसिंग त्यांच्याच अंगणातून दांडक्यांवर चालत होता. न विचारणं हाही अपराधच आहे. जे अन्न आपण आपल्या दारच्या मुक्या जनावराच्या तोंडातून काढून घेऊ, ते आपल्या दारी राबणाऱ्याच्या पदरात घालू नये. तुमच्या घरात असे दोन डबे आहेत का, ते आजच पाहा!

पुढच्या वर्षी तीच वस्ती पथारीवर आली. पाय गेलेल्यांना शोभाबाईंनी बसून देठ खुडायचं काम दिलं. हंगाम संपला आणि माणसं होळीसाठी निघाली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना पुन्हा त्या लाल भुकटीवरून एकेक करून चालायला लावलं.

माणसं एकेचाळीस. टाच न उमटलेली नऊ. आदल्या वर्षी नऊ, तीच; नवं एकही नाही.