सातव्या मणक्यावरची गाठ

दोऱ्याची गाठ तेलाने आणि घामाने काळी पडली होती आणि नेमकी मानेमागच्या उंचवट्यावर बसली होती... भुवनेश्वरीने ती बोटाने हळूच बाजूला सारली. आप्पांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा, लिंगायतांनी जन्मभर अंगावरून न उतरवायच्या लिंगाचा, हा दोरा. लहानपणी त्यांच्या पाठुंगळी बसून ती याच गाठीशी चाळा करायची. गाठीखालचं टणक हाड म्हणजे मानेचा सातवा मणका – मान खाली घातली की सगळ्यांत उठून दिसतो, तिथून बाकीचे मोजायचे – हे पुढे फिजिओथेरपीच्या कॉलेजात कळलं.

"मान वर करा, आप्पा."

सहावा मणका बोटाखालून आत सरकला. सातवा जागेवरच. याच्याच खालून निघणारी नस थेट करंगळीपर्यंत जाते. आपल्या बापाची मान आपण परक्याची तपासावी तशी तपासतो आहोत, याचं तिला वाईट वाटलं, पण बोट काही हललं नाही.

सकाळच्या एसटीने आप्पा बेंबळीहून कळंबला तिच्या दवाखान्यात आले ते 'मान धरलीय' एवढंच सांगत. डबा तसाच, न उघडलेला. आई काल फोनवर म्हणाली होती, "सोमवार नसतानाबी एकच येळ जेवतेत. इचारलं तर गप."

तिने डाव्या करंगळीला टाचणी टोचली.

"लागतंय?"

"कधी टोचलीस?"

डावा हात... रोज सकाळी पूजेला लिंग ठेवतात तो तळहात.

"आप्पा, पूजेत हातातनं सुटलं का?"

आप्पांनी उजव्या हाताने डावा तळहात झाकला. "कुणाला सांगू नगं. माझंच चित्त ठिकाणावर न्हाय, म्हणून पडलं."

म्हणजे उपास हे लिंग पडल्याचं प्रायश्चित्त! तिला रागच आला, आणि रागाहून जास्त माया. तिने त्यांचा उजवा हात उचलून बोट त्यांच्याच मानेवर टेकवलं. "हे हाड लागतंय? इथली नस दबलीय, आप्पा. बोटांपर्यंत सांगावाच पोचत न्हाय."

ते आपलंच हाड चाचपत राहिले. मग अगदी हळू आवाजात, "म्हंजी... म्या पाडलं न्हाय?"

"न्हाय, आप्पा."

मानेचा फोटो काढावा लागणार, तेवढ्यापुरता दोरा दंडाला बांधू – हे तिने सांगितलं. बोटं पुन्हा पहिल्यासारखी होतील का, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्यांनी डबा पुढे ओढला. भाकरीचा तुकडा डाव्या बोटांतून निसटला, तो उजव्या हाताने उचलून शांतपणे खाल्ला.

मी त्यांना निर्दोष सोडलं खरं, तिच्या मनात आलं... पण उद्या सकाळी? तळहात रिकामा ठेवून ते पूजेला कसे बसतील? का मीच त्यांच्या हाताखाली हात धरून बसू – मी, जिने आपला दोरा कॉलेजात असतानाच काढून कपाटात ठेवला, आणि आप्पांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही?

नकळत तिचा हात आपल्या मानेमागे गेला. हाड तिथेच होतं. त्यावर गाठ नव्हती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती जागा तिला उघडी वाटली.