चारशे बारा रिजेक्ट

रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी देवदत्त गुप्ते यांनी नाकारलेला माल परत आला. चारशे बारा नग.

माल ईमेलने आला. बदलापूर पूर्वेला शिरगावातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गुप्ते तेव्हा पोह्यातले शेंगदाणे वेगळे काढत होते. त्यांनी ईमेल दोनदा वाचला आणि बशी बाजूला सारली. अंबरनाथच्या एमआयडीसीत, मलमाच्या ट्यूबा छापणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळलं होतं. फिकट छपाई, सरकलेला रंग, शाईचा डाग, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी रिजेक्टचा शिक्का मारलेली पेटी 'पुन्हा बघा' म्हणून टेबलावर आणायची कुणाची छाती नव्हती. मालकाच्या मेव्हण्याने एकदा प्रयत्न केला, तोही जिन्यावरूनच माघारी फिरला.

आताचा माल आकाशगंगांचा होता. पुण्यातल्या एका संस्थेच्या खगोल संशोधकांना मदतनीस हवे होते. रेडिओ दुर्बिणीने टिपलेली चित्रं घरबसल्या पाहायची आणि प्रत्येक चित्राखालच्या पाच बटणांपैकी एक दाबायचं: चालू, विझत चाललेली, पुन्हा सुरू झालेली, चित्रात दोष, खात्री नाही. पदवीची अट नव्हती. चांगली नजर हवी, एवढंच जाहिरातीत लिहिलं होतं. ते वाचून निवृत्त गुप्ते आठ महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले होते.

सहाशे चित्रं त्यांनी नऊ दिवसांत उडवली. मधोमध ठिपका, ठिपक्यातून दोन बाजूंना सरळ फवारे, फवाऱ्यांच्या टोकांना दोन ठसठशीत गोळे, अशी एकशे अठ्ठ्याऐंशी निघाली. ती 'चालू' म्हणून पास. बाकीच्यांची छपाईच गचाळ होती. गोळे पसरलेले, कडा फुटलेल्या, कुठे एक मोठा तर दुसरा लहान, कुठे मधला ठिपकाच गायब. त्या चारशे बारांवर त्यांनी 'चित्रात दोष' मारलं.

ईमेलमध्ये शलाका नावाच्या संशोधिकेने नम्रपणे लिहिलं होतं की, ही चित्रं आज संध्याकाळी सहापर्यंत पुन्हा तपासावीत. नाहीतर सगळा संच अभ्यासातून वगळावा लागेल. संच वगळला की शोधनिबंधातल्या मदतनिसांच्या यादीतून नावही जाणार. आणि नावाची बातमी फुटलेली होती. सोसायटीचा सेक्रेटरी उन्मेष याने खालच्या फळ्यावर, टँकरच्या वेळापत्रकाच्या वर, 'आपल्या बी विंगचे गुप्तेसाहेब आंतरराष्ट्रीय संशोधनात, हार्दिक अभिनंदन' असं तीन रंगांच्या खडूंनी लिहून ठेवलं होतं.

गुप्तेंनी पुण्याला फोन लावला. ते शलाकाला मॅडम म्हणत, ती त्यांना काका म्हणे. त्यांनी कारखान्याच्या सवयीने आधी मालाचा दर्जा काढला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावलं. चित्रं गचाळ नाहीत, आकाशगंगाच तशा आहेत. पोटातल्या महाकाय कृष्णविवराला खाद्य मिळतं तोवर फवारे चालू राहतात. खाद्य संपलं की फवारे बंद, आणि गोळे पुढची काही कोटी वर्षं नुसते विझत जातात. एखादीला पुन्हा खाद्य मिळतं, ती पुन्हा सुरू होते. जितकी दूरची आकाशगंगा, तितकं चित्र जुन्या काळातलं. विश्व तरुण असताना किती चालू होत्या, किती विझत होत्या, आणि पुढे हे प्रमाण कसं बदलत गेलं, ते मोजायचं आहे.

"काका, तुमच्या यादीप्रमाणे विश्वात एकही आकाशगंगा म्हातारी होत नाही," ती म्हणाली. "सगळ्या कायम ड्युटीवर."

गुप्तेंनी फोन ठेवला. त्यांच्या पत्नी सुरुचीताईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. त्या बशी उचलायला आल्या.

"एकतीस वर्षं कारखान्याचा माल नाकारलात," त्या म्हणाल्या, "आता देवाचा माल नाकारायला बसलात."

गुप्ते साडेदहाला पुन्हा कामाला लागले आणि अकरा वाजता पहिल्या सहा चित्रांवरच होते. हात आपोआप 'चित्रात दोष'कडे जात होता. फिकट छाप पाहायचा आणि तो पास करायचा, हे त्यांच्या बोटांना जमेना. या वेगाने सहापर्यंत शंभरसुद्धा होणार नव्हती.

त्याच वेळी दारावरची बेल वाजली. भगवंत शेलार आला होता, वांगणीहून, मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. हा भगवंत बावीस वर्षं कारखान्यात छपाईच्या मशीनवर होता. म्हणजे गुप्तेंनी जन्मभर जे नाकारलं, त्यातलं निम्मं त्याच्या हातचं होतं. गुप्तेंनी पत्रिका घेतली आणि उघडण्याआधी खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरली. गणपतीचा लाल रंग अर्ध्या मिलिमीटरने सरकला होता.

"बोलू नका, सायेब," भगवंत म्हणाला. "दीडशे वाटून झाल्या."

सुरुचीताईंनी त्याला चहा दिला आणि साहेबांची अडचणही सांगितली. ती ऐकताना भगवंतचा चेहरा जेवढा गंभीर व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. रिजेक्ट माल परत आला, हे वाक्य त्याने सुरुचीताईंकडून दोनदा वदवून घेतलं. मग कप घेऊन तो लॅपटॉपसमोर, साहेबांच्या शेजारी स्टुलावर बसला.

पडद्यावर दोन पुसट, पसरलेले गोळे होते. मध्ये काहीच नव्हतं.

"हितं शाई संपली," भगवंत म्हणाला. "रोलर नुसता फिरतोय. यात नगाचा काय दोष?"

गुप्तेंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि 'विझत चाललेली' दाबलं.

त्यानंतर काम सुसाट निघालं. गुप्ते तयार छाप पाहत आले होते. मशीनच्या आत काय बिघडलं की कसा छाप पडतो, हे भगवंतला ठाऊक होतं. शाई आत्ता संपली, शाई कधीची संपली, एका बाजूला दाब कमी, असं तो सांगत गेला. गुप्ते प्रत्येक वेळी थोडी हरकत नोंदवून बटण दाबत गेले. सतरा चित्रं खरोखरच सदोष होती, त्यांवर आडवे पट्टे होते. भगवंतनेही ती 'रद्दी' म्हणून मान्य केली, तेव्हा गुप्तेंना जरा बरं वाटलं.

जेवणानंतर वेगळाच नमुना आला. बाहेर दोन जुने फिकट गोळे, आणि त्यांच्या आत, त्याच रेषेत, दोन छोटे झगझगीत.

"ही च्याच्या सुट्टीनंतरची," भगवंत म्हणाला. सुट्टीत मशीन बंद व्हायचं, एखादा नग आतच राहायचा आणि मशीन सुरू झालं की त्याच्यावर दुसरा छाप बसायचा. "दोन हजार नऊ, दहीहंडीच्या आदल्या दिवशी. सात पेट्या मारल्या होत्या तुम्ही. आठवतं का?"

गुप्तेंना आठवत होतं. ते म्हणाले की, त्या पेट्या तेव्हाही रिजेक्टच होत्या आणि आजही आहेत. ट्यूब आणि आकाशगंगा यांत फरक असतो.

"तिला सुट्टी चालते," भगवंत म्हणाला. "आमाला नाय."

गुप्तेंनी 'पुन्हा सुरू झालेली' दाबलं. दाबलेल्या बटणाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला, असं सुरुचीताईंनी नंतर सांगितलं.

साडेपाचपर्यंत चारशे अकरा उरकली. राहिलं क्रमांक दोनशे सत्याऐंशी. ते दोघांनी तीनदा पुढे ढकललं होतं. एकमेकांपासून खूप दूर दोन अतिशय पुसट गोळे, आणि बरोबर मधोमध तिळाएवढा ठिपका. असला तर.

भगवंतच्या मते मशीन आत्ताच सुरू झालं होतं, अजून पहिला छापही पडलेला नव्हता. गुप्तेंच्या मते ती धूळ होती. त्यांनी चष्म्याच्या फडक्याने पडदा पुसला. ठिपका तसाच राहिला. मग त्यांनी कपाटातून कारखान्यातलं भिंग काढून पडद्यावर टेकवलं. भिंगातून लाल, हिरवे, निळे चौकोन दिसले, आकाशगंगा दिसेना.

"पास करा ना, सायेब," भगवंत म्हणाला. "बावीस वर्षांत एकदा."

सहाला चार मिनिटं होती. 'पुन्हा सुरू झालेली' दाबावं तर डोळ्यांना पटत नव्हतं. 'चित्रात दोष' दाबावं तर सकाळचा ईमेल आठवत होता. कारखान्यात तिसरा शिक्काही होता, होल्डचा. निर्णय लांबणीवर टाकणाऱ्यांसाठी, असं गुप्ते म्हणत. एकतीस वर्षांत त्या शिक्क्याचं रबर कोरं राहिलं होतं.

पाच अठ्ठावन्नला त्यांनी 'खात्री नाही' दाबलं. त्यावर शेरा लिहिणं सक्तीचं होतं. गुप्तेंनी एका बोटाने टाइप केलं: 'ऑपरेटर भगवंत शेलार यांच्या मते मशीन सुरू झाले आहे. निरीक्षक सहमत नाही.' भगवंतने आपलं नाव बरोबर आहे ना ते वाकून पाहिलं.

मंगळवारी शलाकाचं उत्तर आलं. संच स्वीकारला होता आणि गुप्तेंचं नाव यादीत राहणार होतं. दोनशे सत्याऐंशीच्या शेऱ्यामुळे मात्र तिच्या गटातही वाद पेटला होता. तिघे भगवंतच्या बाजूचे होते, तिघे गुप्तेंच्या. म्हणून दुर्बिणीवर त्या चित्रापुरता जादा वेळ मागितला होता. ऑपरेटर म्हणजे नेमके कोण, असंही तिने विचारलं होतं, कारण ठिपका खरा निघाला तर त्यांचं नावही यादीत घालावं लागेल.

बुधवारपासून वांगणीहून रोज सकाळी नऊला फोन येतो. लग्नघर आहे, तरी येतो.

शनिवारी दुपारपर्यंत दुर्बिणीचा वेळ मंजूर झाल्याचं कळलेलं नव्हतं. क्रमांक दोनशे सत्याऐंशीसमोर 'प्रलंबित' अशी नोंद होती. फळ्यावरचं अभिनंदन उन्मेषने टँकरची वेळ बदलल्यामुळे अर्धं पुसलं होतं.