पाळीवरचा वाटा

घनश्यामची बल्लारपूरच्या कागद कारखान्यात पक्की नोकरी. आयुष्यात कुणाचे चार आणे बुडवले नाहीत. आणि बँकेतला साहेब म्हणतो काय, तर घरासाठी कर्ज मिळणार नाही, तुमचा सिबिल स्कोर खराब आहे. आता हे सिबिल कुठलं नवं खूळ निघालं होतं, देव जाणे.

साहेबानं कम्प्युटरकडे बघत सांगितलं की, तालुक्याच्या गावी, सावलीच्या बँकेत तुमच्या नावावर मासेमारीच्या जाळ्यांचं कर्ज आहे, ते थकलंय. घनश्यामनं कपाळावर हात मारला. गाव सोडलं तरी मच्छीमार संस्थेतलं नाव त्यानं काढलं नव्हतं. नाव राहिलं की तलावातला वाटा राहतो, आणि बाप गेल्यावर तो वाटा मायला मिळायचा. संस्थेनं सगळ्या सभासदांच्या नावावर जाळ्यांचं कर्ज उचललं, तेव्हा यानंही कागद न वाचता सही ठोकून दिली होती. जाळी पाण्यात, हा कारखान्यात, आणि खराब स्कोर मात्र याचा.

घरी साधना वैतागून बसलेली. घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं होतं, त्याला खोली रिकामी हवी होती, आणि पाहून ठेवलेलं घर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे चाललं होतं. तिनं बायकोच्या हक्कानं सुनावलं की, उद्याच गावी जा आणि काय ते निस्तरून या.

गेला बिचारा. तर गावात वेगळाच तमाशा. कर्जमाफी येणार म्हणून अख्ख्या गावानं हप्ते भरणं बंद केलेलं. कोण देणार माफी, कधी देणार, कुणालाच ठाऊक नाही, पण येणार म्हणजे येणार. संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निवांत सुपारी कातरत बसले होते. घनश्याम म्हणाला, तुम्ही खुशाल थांबा, मी माझ्यापुरतं भरून मोकळा होतो. तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तू भरलं का बँक आमच्या मानेवर बसन. भराचं असन त भर. पण मंग संस्थेत तुयं नाव राह्यणार नाई."

घनश्याम तावातावानं भांडला. आपलं कर्ज, आपले पैसे, आणि फेडायला गावाची परवानगी? डोकं फिरायची वेळ आली. गुणवंतराव मात्र ढिम्म. त्यांनी पुन्हा सुपारी हातात घेतली.

गावातल्या घरी येऊन त्यानं मायला, गोकुळाबाईला, सगळं सांगितलं. मासोळीचा वाटा गेला तर गेला, मी दर महिन्याला पैसे पाठवतो, असंही म्हणाला. माय चुलीत लाकूड सारत राहिली. मोठी मासेमारी झाली की पाळीवर मासोळीचे ढीग लागायचे, आणि एकेका घराचं नाव पुकारून वाटा दिला जायचा.

"पैसे त तू देशीन रे," ती म्हणाली. "पण पाळीवर आपल्या घराचं नाव कोण पुकारन?"

त्याला मायचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. सकाळी सावलीला जाऊन त्यानं सगळी थकबाकी भरली आणि तसा दाखला घेतला. मायनं अडवलं नाही.

तरी छळ संपला नाहीच. बल्लारपूरला परतून दाखला दाखवला तर साहेब म्हणे, कम्प्युटरमध्ये अजून नोंद आली नाही, नंतर या. नंतर गेलं तर साहेबाची बदली झालेली. पाहून ठेवलेलं घर गेलं ते गेलंच. खोली बदलावी लागली, साधनाची बोलणी खावी लागली, आणि चकरा मारून चपला झिजल्यावर एकदाचं कर्ज मंजूर झालं. दोन खोल्यांचं घर झालं.

नव्या घरी राहायला गेल्यावर माय आली. दोन्ही खोल्या फिरून तिनं भिंतींवरून हात फिरवला, चांगलं झालं म्हणाली. मग पिशवीतून भली मोठी रोहू काढून साधनाच्या हातात दिली. घनश्यामचा जीव भांड्यात पडला. शेवटी गुणवंतरावांना लाज वाटली म्हणायची.

"वाटा देला का त्याईनं?" त्यानं विचारलं.

"नाई," माय म्हणाली. "सावलीच्या बाजारातून आणली. पोराच्या नव्या घरी रिकाम्या हातानं कशी येऊ? जलमभर मासोळी इकली मी, पण इकत घ्याची कशी तेच समजे ना. भाव कराले तोंडच उघडलं नाई. त्या बाईनं सांगतले तेवढे पैसे देले."