कठड्याकडून पहिली फरशी

पहिली फरशी तिने चर्चच्या वेदीभोवतीच्या कठड्याच्या फाटकाशीच बसवली. ओला माल थापला, फरशी अलगद टेकवली, चारी कोपऱ्यांवर रबरी हातोडी मारली आणि पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध थांबला.

कठड्याबाहेर हात पुसत असलेला तिचा नवरा बघतच राहिला. सिमेंट, वाळू, पाण्याची बादली, फरश्यांची चळत, सगळं त्याने तिच्या सांगण्याप्रमाणे आत, मागच्या भिंतीशी नेऊन ठेवलं होतं. गुडघे जाईपर्यंत फरश्या तोच बसवायचा. भिंतीकडून सुरुवात करायची आणि मागे सरकत दाराकडे यायचं, नाहीतर माणूस आत अडकतो, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

"इथून?" त्याने विचारलं.

"इथून."

त्याने एकदा वेदीकडे पाहिलं. मग घरून भरून आणलेली हत्यारांची पिशवी उचलून कठड्यावरून तिच्याकडे दिली.

"हीपण आत घे. लागेल."

"आता हिच्यातलं काय लागायचंय?"

"असू दे गं."

चर्चच्या मंडळीत तिला सगळे फरशीबाई म्हणत. अर्ध्या मंडळीच्या घरात तिच्या हातची फरशी होती. मागच्या बैठकीत तिने एकच गोष्ट मागितली होती: एखाद्या रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ मला वाचू द्या. लहानपणी आईच्या मांडीवर शास्त्र वाचतच ती अक्षरं शिकली होती, आणि इतक्या वर्षांत घरी एक दिवस खाडा नव्हता. त्यावर मंडळीच्या वडीलजनांतले सर्वांत जुने खाकरेबाबा उठले. हे त्यांचं आडनाव नव्हे. दर रविवारी पाठ तेच वाचत आणि प्रत्येक वचनाआधी खाकरत, म्हणून. त्यांनी दोन नियम सांगितले. पाठ वाचायचा तो वेदीवरूनच, आणि कठड्याच्या आत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही. विषय संपला. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, नवे होते. ते चहाच्या कपात बघत बसले.

पुढे वेदीभोवतीची फरशी फुटली, तेव्हा खाकरेबाबा स्वतः तिच्या दारात आले.

"आत पाऊल टाकावं लागेल, बाबा," ती म्हणाली.

"कामाला चालतं. कामाची गोष्ट वेगळी."

म्हणजे हातात थापी असली तर बाई चालते, शास्त्र असलं तर नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने नाही म्हटलं नाही. राग माणसांवर होता, देवावर नव्हता, आणि देवाच्या घरची फरशी दुसऱ्या कुणी वाकडीतिकडी बसवलेली तिला बघवली नसती.

फरश्या यायला शनिवारची संध्याकाळ झाली. काम सोमवारी करू या का, असं पाळकसाहेबांनी सुचवून पाहिलं. पण खाकरेबाबांना आराधनेच्या वेळी नवी फरशी मिरवायची होती. म्हणून रविवारी उजाडताच काम सुरू झालं, आणि घंटा वाजली तेव्हा शेवटची फरशी वेदीच्या पायथ्याशी बसली. वेदीचा दगडी चौथरा जुनाच राहणार होता. त्यावर वाचनाचा उंच स्टँड होता आणि स्टँडवर मोठं पवित्र शास्त्र. फरशीबाई बादली आणि पिशवी घेऊन चौथऱ्यावर चढली, हात धुतले आणि पदराला पुसले.

बाकं भरत आली होती.

"बाई, आता बाहेर या," पाळकसाहेब म्हणाले.

"कशी येऊ? फरशी ओली आहे. संध्याकाळपर्यंत पाय टाकायचा नाही."

पाळकसाहेबांनी फाटकापासून वेदीपर्यंत नजर फिरवली.

"सुरुवात भिंतीकडून करतात ना?"

"करतात."

"फळ्या टाका!" खाकरेबाबा पुढे आले. "मी जातो आत."

"टाका की. फरशी खचेल, सगळं उखडावं लागेल. मग पुन्हा मलाच बोलवा."

"मग मी इथूनच वाचतो, खालून."

"खालून चालत असतं, तर मी कधीच वाचलं असतं. वेदीवरूनच वाचायचं, हा नियम तुमचाच आहे, बाबा."

"हा निव्वळ हट्ट आहे!"

"आहे," ती म्हणाली.

खाकरेबाबांनी पाळकांकडे पाहिलं. या वेळी पाळकसाहेबांसमोर बघायला चहाचा कप नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"नियम तो नियम, बाबा," ते म्हणाले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

फरशीबाईने खुणेचं पान उघडलं. नवी फरशी म्हणून पाळकसाहेबांनी आज मंदिर बांधल्याचा अध्याय निवडला होता. पाठाला सगळी मंडळी उभी राहते, अशी रीत. आज कुणी हललं नाही. तिने पानाकडे पाहिलं. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसत होती. रात्रभर तिने सगळा विचार केला होता, कुठली फरशी कुठे, कोण काय म्हणेल, आपण काय म्हणायचं. आणि चष्मा घरी, उशीपाशी!

खाकरेबाबा खाकरले. कुणीतरी हसलं.

तिने खाली वाकून पिशवीत हात घातला, उगाच, काहीतरी करायचं म्हणून. दोरीच्या गुंडाळीखाली मऊ फडक्याची पुरचुंडी लागली. आत तिचा चष्मा होता, स्वच्छ पुसलेला.

तिने नवऱ्याला या बेतातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

चष्मा चढवून तिने मान वर केली. शेवटच्या बाकावर तिचा नवरा उठत होता. गुडघ्यांमुळे त्याला पाठाच्या वेळी बसून राहायची मुभा होती. पुढच्या बाकाला धरून, दात आवळत तो पुरता उभा राहिला आणि मंडळीकडे एकेक करून बघू लागला.

पाळकसाहेब उठले. मग मधली बाकं करकरली, मग बायकांच्या बाजूची सगळीच.

ती वाचायला लागली. मंदिराची लांबी, रुंदी, उंची, बाजूच्या खोल्यांची रुंदी. खाकरेबाबा मापं नेहमी गाळून पुढे जात. तिने एकही गाळलं नाही.